गच्चीवर धावपट्टी असलेला कारखाना, आणि तो पाडला का गेला नाही

ठाण्यात पत्ता सांगताना आपण अजूनही कंपन्यांची नावं घेतो. "नितीन कंपनीला उतरा", "गोल्डन डाइज नाक्यावरून आत या", "कॅडबरीच्या सिग्नलला वळा". शहराची जुनी कारखानदारी अशी रिक्षावाल्यांच्या तोंडी टिकून आहे. कोलशेतला क्लॅरिअंट ही रसायनांची कंपनी होती, तिच्या जागेवर आता लोढा अमाराचे टॉवर आहेत. रेमंडच्या गिरणीच्या आवारात लोकांनी घरं घेतली. खाडीपलीकडे ठाणे-बेलापूर रोडलाही तेच झालं. शेड गेल्या, काचेच्या इमारती आल्या.

हे सगळं इतकं अंगवळणी पडलंय की कंपनीला टाळं लागलं म्हणजे पुढे तोडकाम, मग पत्र्याचं कुंपण, मग सॅम्पल फ्लॅट, हा क्रम आपण गृहीत धरतो. तो क्रम अटळ नाही. कुठली इमारत वाचते आणि कुठली पडते, यामागे इंजिनिअरिंगचा आणि पैशाचा हिशेब असतो. हा हिशेब समजून घ्यायला एका कारखान्याची गोष्ट फार उपयोगी पडते. तो आहे इटलीत, तुरिन शहराच्या लिंगोत्तो भागात. तिथे एकेकाळी फियाटच्या मोटारी बनायच्या.

फियाट आपल्याला परकी नाही. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीत फियाट ११०० परवान्यावर तयार व्हायची, आणि तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं रूप कित्येक वर्षं या एका गाडीनं ठरवलं. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटच्या नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली, तेव्हा अनेकांना घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं. कुर्ल्याचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी गेला होता. त्या आवारात आज कोहिनूर सिटी आहे.

फियाट कंपनी १८९९ मध्ये तुरिनमध्ये सुरू झाली. संस्थापकांपैकी जोव्हानी आन्येल्ली यांनी अमेरिकेत जाऊन हेन्री फोर्डचं काम पाहिलं. डेट्रॉइटजवळच्या हायलँड पार्क इथे फोर्डनं १९१० मध्ये बहुमजली कारखाना सुरू केला होता. काँक्रीटचा सांगाडा, भल्यामोठ्या खिडक्या, आणि सुटे भाग वरच्या मजल्यांवरून खाली येत येत जोडले जाणार, अशी त्याची रचना होती. आन्येल्लींना तसाच, पण आपला कारखाना हवा होता. १९१६ मध्ये, पहिलं महायुद्ध चालू असतानाच, लिंगोत्तोचं बांधकाम सुरू झालं. आराखडा जाकोमो मात्ते-त्रुक्को या इंजिनिअरचा. १९२३ मध्ये कारखान्याचं उद्घाटन झालं.

या इमारतीचा आकार डोळ्यांसमोर आणायचा तर एकमेकींना समांतर अशा दोन पाच मजली पट्ट्या समजा. प्रत्येक पट्टी सुमारे ५०० मीटर लांब आणि २४ मीटर रुंद. दोन्ही पट्ट्यांना जोडणारे आडवे भाग अधूनमधून आहेत, त्यामुळे मध्ये मोकळी अंगणं तयार होतात. आत काँक्रीटचे खांब, साधारण दर सहा मीटरवर एक, अर्धा किलोमीटर ओळीनं. काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालून सलग सांगाडा उभारण्याची हेनेबिक पद्धत तेव्हा युरोपात रुळली होती, तीच इथे वापरली.

फोर्डकडे माल वरून खाली यायचा. लिंगोत्तोत तो खालून वर जायचा. कच्चा माल तळमजल्यावर आत घ्यायचा, मजल्यामागून मजला गाडी आकार घेत जायची, आणि पुरी झाली की निघायची ती थेट गच्चीवर. गच्चीवर होती चाचणीची धावपट्टी, किलोमीटरभराहून थोडी लांब. दोन सरळ बाजू आणि दोन्ही टोकांना बाहेरून उचललेली तिरपी वळणं. तिथे गाडी पळवून पाहायची, ठीक असेल तर खाली आणायची.

खाली आणायला दोन टोकांना दोन गोल फिरत जाणारे रॅम्प आहेत. ते १९२० च्या दशकाच्या मध्याला बांधले. आज मॉलच्या पार्किंगमध्ये असे रॅम्प आपण रोज चढतो-उतरतो आणि त्यांच्याकडे मान वर करून पाहत नाही. लिंगोत्तोचा रॅम्प खालून पाहण्याची गोष्ट आहे. वरच्या वळणाचा तळ सपाट नाही. मध्यापासून कडेपर्यंत काँक्रीटच्या बारीक फासळ्या पसरत गेल्या आहेत, जुन्या चर्चच्या कमानदार छतात दिसतात तशा. त्या शोभेसाठी काढलेल्या नाहीत. रॅम्पचा भार मधल्या आणि बाहेरच्या खांबांकडे वाहून न्यायचं काम त्या करतात, आणि ते काम जसंच्या तसं उघडं ठेवलंय. वास्तुविशारद ल कॉर्बूझिए या कारखान्यावर भाळला होता आणि गच्चीवरच्या धावपट्टीवर जाऊनही आला होता. फासळ्यांचे फोटो पाहिले की त्याचं भाळणं समजतं.

इतका गाजावाजा झाला, पण कारखाना म्हणून ही इमारत लवकर जुनी झाली. मोटार जोडण्याचं काम पट्ट्यावर सरकत होऊ लागलं की त्याला सरळ, सपाट, लांबलचक जमीन लागते. एका टोकाला सांगाडा, दुसऱ्या टोकाला तयार गाडी. दर मजल्यावर माल चढवायचा म्हणजे लिफ्ट, थांबा, खोळंबा. नवं अवजड यंत्र आणायचं तर ते चौथ्या मजल्यावर चढवणार कसं, आणि दर सहा मीटरवरच्या खांबांच्या मधून फिरवणार कसं? स्वतः फोर्डही पुढे एकमजली, पसरट कारखान्यांकडे वळला. फियाटनं १९३९ मध्ये तुरिनमध्येच मिराफिओरीचा प्रचंड कारखाना सुरू केला, तो आडवा पसरलेला. लिंगोत्तोत उत्पादन पुढेही कित्येक वर्षं चाललं, पण मुख्य काम आता दुसरीकडे होतं.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी फियाट अडचणीत आली. १९८० च्या शरद ऋतूत कामगारकपातीविरुद्ध ३५ दिवसांचा संप झाला. मग १४ ऑक्टोबरला कंपनीतल्या फोरमन आणि कार्यालयीन कर्मचाऱ्यांनी संपाविरुद्ध मोठा मोर्चा काढला, आणि संघटनांची पकड सुटली. दोन वर्षांनी, १९८२ मध्ये, लिंगोत्तोतलं उत्पादन बंद झालं. १९८२ हे वर्ष आपल्याही लक्षात आहे. त्याच वर्षी १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतल्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात उतरले आणि गिरणगाव पुन्हा पूर्वीसारखं झालं नाही. दोन खंडांवरची दोन कामगार शहरं एकाच सुमाराला रिकामी होऊ लागली होती.

रिकाम्या लिंगोत्तोचं करायचं काय, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. तेव्हा फियाटनं घाई केली नाही, आणि मला या साऱ्या गोष्टीत हे सर्वात मोलाचं वाटतं. देशोदेशीच्या वीस वास्तुविशारदांना बोलावून कल्पना मागवल्या. १९८४ मध्ये त्या कल्पनांचं प्रदर्शन त्याच इमारतीत भरवलं. लोक आत आले, त्यांनी इमारत आतून पाहिली आणि प्रस्तावही पाहिले. त्यानंतर काम जेनोआचे वास्तुविशारद रेन्झो पियानो यांच्याकडे सोपवलं गेलं.

पियानोंनी इमारतीला एकच नवा धंदा दिला नाही. इतकी मोठी जागा एका कामानं भरणारच नव्हती. टप्प्याटप्प्यानं तिथे प्रदर्शन केंद्र आलं, परिषदांच्या जागा आल्या, हॉटेल, दुकानं, कार्यालयं, चित्रपटगृहं आली. तुरिनच्या तंत्रविद्यापीठाचे मोटार अभियांत्रिकीचे वर्गही इथे भरू लागले. १९९२ पासून शहराचा मोठा पुस्तकमेळा इथे भरतो. गच्चीवर १९९४ मध्ये काचेचा फुगा असावा तशी गोल बैठकीची खोली बसवली. २००२ मध्ये त्याच गच्चीवर पोलादी पेटीसारखं छोटं चित्रसंग्रहालय आलं. आन्येल्ली कुटुंबाच्या संग्रहातल्या मोजक्या २५ कलाकृती त्यात आहेत, कानालेत्तो आणि मातीस यांची चित्रं त्यांत येतात. आणि २०२१ मध्ये धावपट्टीवरच बाग केली, चाळीस हजारांहून जास्त झाडंझुडपं लावली. धावपट्टीचा आकार तसाच राहिला. आता तिथे लोक चालायला जातात आणि विजेवर चालणाऱ्या गाड्या फिरवून पाहतात.

यातलं संगीत सभागृह बारकाईनं पाहिलं तर जुन्या इमारतीचा पुनर्वापर कसा करतात हे नेमकं कळतं. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या सभागृहात सुमारे दोन हजार खुर्च्या आहेत. दर सहा मीटरवर खांब असलेल्या मजल्यात एवढं सभागृह बसवायचं कसं? खांब काढावे तर वरचे मजले खाली येतील, ठेवावे तर निम्म्या श्रोत्यांना रंगमंच दिसणार नाही. पियानोंनी खांबांना हात लावला नाही. दोन पट्ट्यांमधल्या मोकळ्या अंगणात खाली खोल खणलं आणि सभागृह जमिनीखाली उतरवलं, आतून चेरीच्या लाकडानं मढवलं. ज्या कामाला मोकळा, खांबांविना अवकाश लागतो ते अंगणात गेलं. कार्यालयं, वर्ग, हॉटेलच्या खोल्या अशी लहान कप्प्यांची कामं खांबांच्या जाळीत आपसूक बसली. म्हणजे आधी नकाशा काढून मग इमारत त्यात कोंबली नाही. इमारत काय देऊ शकते हे आधी वाचलं, मग कोणतं काम कुठे हे ठरवलं.

जुना कारखाना वाचवता येईल का, हे तपासताना इंजिनिअर पहिल्यांदा भार बघतात. आपल्या भारतीय मानकांनुसार राहत्या घराचा मजला दर चौरस मीटरला साधारण २०० किलो वजन धरेल असा बांधतात, कार्यालयाचा २५० ते ४०० किलो. यंत्रं असलेल्या कारखान्याचा मजला मात्र ५०० पासून १,००० किलोपर्यंत. लेथ आणि प्रेस पेलणारा मजला टेबलं-खुर्च्या सहज पेलतो. उलटं करायला गेलं की, म्हणजे घराच्या इमारतीत गोदाम घालायला गेलं की, जिवाशी खेळ होतो.

मग उजेड. २४ मीटर रुंद मजल्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या असतील तर आतला कोणीही खिडकीपासून १२ मीटरपेक्षा लांब नसतो. लिंगोत्तो ज्या काळात बांधलं तेव्हा कामगाराला दिवसा दिव्याशिवाय काम करता यावं म्हणून खिडक्या मोठ्या ठेवत. त्या खिडक्या शंभर वर्षांनी विद्यार्थ्यांच्या कामी येतायत. याउलट शंभर मीटर लांब-रुंद एकमजली शेड घ्या. तिच्या मधोमध घर किंवा वर्ग काढला तर खिडकी कुठे देणार?

काँक्रीटची तब्येत हा आपल्याकडे कळीचा मुद्दा. ताजं काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळ्यांना गंज धरत नाही. वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत झिरपत जातो आणि हा गुण संपतो. खाडीकाठची खारी हवा त्यात भर घालते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आतून रेटा येतो, आणि पोपडे सुटतात. ठाण्यात जुन्या सोसायटीत राहणाऱ्या कुणालाही हे पोपडे दाखवून द्यावे लागत नाहीत. पण वरचे पोपडे पाहून इमारतीचा निकाल लावायचा नसतो. काँक्रीटचा तुकडा ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थेलीन या रसायनाचा फवारा मारतात. जिथे काँक्रीट निरोगी आहे तिथे लगेच गडद गुलाबी रंग चढतो, जिथे हवा पोचली आहे तिथे रंग येत नाही. बिनरंगाची पट्टी सळईपर्यंत पोचली आहे की अजून दोन बोटं अलीकडे आहे, हे साध्या डोळ्यांनी दिसतं. त्यासोबत रिबाउंड हॅमर (काँक्रीटवर आपटून त्याचा कठीणपणा मोजणारं उपकरण), ध्वनिलहरींची चाचणी, आणि खांबातून काढलेला गोल नमुना दाबून पाहणं. तीस वर्षांवरच्या इमारतींना आपल्याकडे स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक आहे, तेव्हा हे सगळं सोसायट्यांच्या ओळखीचं आहे. रिकाम्या कारखान्यांच्या बाबतीतही पाडायची परवानगी मागण्याआधी तेवढंच मन लावून हे व्हायला हवं.

आग आणि माती, या दोन गोष्टींत तडजोड चालत नाही. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या रेस्टॉरंटला लागलेल्या आगीत १४ जण गेले. जुन्या औद्योगिक आवारात नवी गर्दी आणायची तर बाहेर पडायच्या वाटा, जिने, पाणी, पेट न घेणारं छत, हे सगळं नव्यानं करावं लागतं. जुन्या भिंतींचं देखणेपण कोणाचा जीव वाचवत नाही. आणि जिथे वर्षानुवर्षं तेल, रंग, रसायनं सांडली तिथली माती तपासल्याशिवाय मुलांची बाग करायची नाही. अर्थात मातीची ही तपासणी टॉवर बांधतानाही तितकीच हवी.

आता पैशाकडे येऊ, कारण शेवटी तोच ठरवतो. आपल्याकडे जमिनीची किंमत तिच्यावर किती चौरस फूट बांधता येतील यावर, म्हणजे एफएसआयवर ठरते. समजा एका प्लॉटच्या निम्म्या भागावर एकमजली शेड आहे. वापरलेला एफएसआय झाला अर्धा. नियम दोन देत असतील तर मालकाच्या दृष्टीनं पाऊण जमीन पडून आहे. शेड कितीही सुंदर असो, तिच्यावर हातोडा पडणार. आता लिंगोत्तोचा हिशेब करा. पाचशे गुणिले चोवीस गुणिले पाच मजले, अशा दोन पट्ट्या: एक लाख वीस हजार चौरस मीटर, म्हणजे सुमारे तेरा लाख चौरस फूट, आणि तेही आधीच बांधलेले. पाडून पुन्हा तेवढंच बांधायचं तर पाडण्याचाही खर्च आणि बांधण्याचाही. मजल्यांवर मजले असणं हा कारखाना म्हणून लिंगोत्तोचा दोष होता, त्यापायी तो मागे पडला. इमारत म्हणून त्याच मजल्यांनी त्याला वाचवलं.

पर्यावरणाचाही हिशेब यातच येतो. माणसांमुळे जगात होणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनापैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटच्या वाट्याचा आहे. उभा असलेला काँक्रीटचा सांगाडा म्हणजे हे प्रदूषण आधीच होऊन गेलेलं आहे. तो पाडला की ते वाया जातं, डेब्रिजचे डंपर भरतात, आणि नव्या सांगाड्यासाठी पुन्हा तेवढंच होतं. बिल्डरच्या ताळेबंदात हा खर्च कुठेच दिसत नाही. तो सगळ्यांच्या श्वासात दिसतो.

लिंगोत्तोवर माझा एक आक्षेप आहे, आणि तो लहान नाही. तिथे हॉटेल आहे, चित्रं आहेत, बाग आहे. ज्यांनी साठ वर्षं तिथे घाम गाळला त्यांची जागा मात्र फार थोडी दिसते. तुरिन हे युरोपातल्या कामगार चळवळीचं एक मोठं केंद्र. सप्टेंबर १९२० मध्ये तिथल्या कामगारांनी फियाटचे कारखाने ताब्यात घेतले होते. अशा शहरातल्या सर्वात प्रसिद्ध कारखान्यात मालकाच्या घराण्याची चित्रं दिमाखात लटकतात आणि कामगारांच्या आठवणी शोधाव्या लागतात, हे मला खटकतं. गिरणगावात जमिनीतला वाटा गिरणी कामगारांच्या घरांसाठी मिळावा म्हणून लढा झाला, म्हाडाच्या सोडती निघाल्या. घरं फार थोड्यांना मिळाली, पण निदान हक्क कोणाचा हा प्रश्न तरी विचारला गेला. इमारतीचा पुनर्वापर करायचा तर त्यात जुन्या माणसांचा हिस्सा काय, हे पहिल्या नकाशातच लिहिलेलं असावं.

ठाण्यात लिंगोत्तोएवढा कारखाना नाही, पण त्याच्या जातीच्या इमारती आहेत. वागळे इस्टेटमध्ये जा. एमआयडीसीची ही पहिली औद्योगिक वसाहत. तिथल्या तीन-चार मजली गाळ्यांच्या इमारतींत मालवाहू लिफ्टचा जाळीचा दरवाजा अजून खडखडतो, जिने तीन माणसं शेजारी-शेजारी चालतील इतके रुंद आहेत, आणि एका मजल्यावर लेथ चालू असताना वरच्या मजल्यावर सॉफ्टवेअरवाले बसलेले असतात. कुठे जिम आहे, कुठे क्लास, कुठे फ्लेक्सची छपाई. कोणत्याही प्रसिद्ध वास्तुविशारदाशिवाय हा पुनर्वापर गेली कित्येक वर्षं चालू आहे. तो टिकतो कारण मजले दणकट आहेत, खिडक्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि भाडं नव्या काचेच्या इमारतीपेक्षा परवडतं. या इमारतींवर पुनर्विकासाच्या पाट्या लागतील तेव्हा गाळेधारकांनी तीन कागद मागावेत: सांगाड्याचा चाचणी अहवाल, दुरुस्तीचा खर्च आणि पाडून बांधण्याचा खर्च शेजारी-शेजारी मांडलेला तक्ता, आणि सध्या तिथे काम करणारे भाडेकरू नव्या इमारतीत कुठे बसणार याचं लेखी उत्तर. तिसरा कागद आल्याशिवाय सह्या करू नयेत.